कुलपाचं वय

२ तारीख, सोमवार

ही वही घेऊन एकोणीस दिवस झाले. पहिल्या पानावर आतापर्यंत चहाच्या कपाचा एक गोल, एक फोन नंबर (कुणाचा ते आठवत नाही) आणि अर्धवट सायकलचं चित्र एवढाच मजकूर होता. रोज ठरवायचे, आज लिहायचंच. मग आधी पेन्सिलीला टोक काढायचे, आणि टोक काढता काढता पेन्सिलच संपायची. काल ताईने वही उघडून बघितली आणि म्हणाली, "वा, बरीच मजल मारलीस." म्हणून आज लिहितेय. हौस म्हणून नाही, तिची जिरवायला.

तर, कामाला लागून सहा आठवडे झाले. याआधी एवढी मी फक्त चावीवाल्याकडे टिकले होते. तिथेही चाव्या घासण्यापेक्षा माझा वेळ गिऱ्हाइकांच्या कहाण्या ऐकण्यात जायचा. कुलूप तुटलं म्हणून आलेला माणूस कधीच फक्त कुलपाबद्दल बोलत नाही. पण ते असो.

आमच्याकडे जहाजांचं टपाल असतं. जहाजावरची माणसं घरी लिहितात, घरची माणसं त्यांना लिहितात, आणि ते सगळं आमच्या दोन मशीनमधून जातं. त्यांची नावं डावी आणि उजवी, कारण त्या तशा ठेवल्यात. दोघी मिळून एकाच गोदामात पत्रं ठेवतात. गोदाम म्हणजे मागच्या खोलीतली तिसरी पेटी, लांबलचक तारेने जोडलेली. एका जहाजाची एक फाइल, आणि तीत पत्रं एकाखाली एक. आता दोघींनी एकाच फाइलीत एकाच वेळी लिहायला घेतलं तर एकीचं पत्र दुसरीच्या पत्राखाली चिरडतं. म्हणून कुलूप. लिहायच्या आधी फाइलीशेजारी कुलूप नावाची एक चिमुकली फाइल ठेवायची, लिहून झालं की उचलायची. दुसरीला कुलूप दिसलं की तिने मुकाट्याने थांबायचं. संडासाच्या कडीसारखंच. फरक एवढाच की मशीन लिहिता लिहिता बंद पडली तर कडी लागलेलीच राहते, आत कोणी नाही आणि बाहेर ही रांग.

मी आले तेव्हा रोज हेच चालायचं. म्हणून मी बरोबर सतरा दिवसांपूर्वी एक झाडूवाली (छोटासा प्रोग्रामच) लिहिली आणि डावीवर बसवली. दर मिनिटाला फेरी मारायची आणि पाच मिनिटांपेक्षा जुनं कुलूप दिसलं की काढून फेकायचं. त्या दिवसापासून रांग बंद. मॅडम, म्हणजे आमच्या मुख्य, म्हणाल्या, "ठीक आहे." त्यांच्या तोंडून हे म्हणजे हारतुरेच.

फक्त एक नवीनच कटकट सुरू झालीये. पत्रं फाटायला लागलीत. अर्धं पत्र एकाचं, अर्धं दुसऱ्याचं. का, कोण जाणे.

आणि मॅडम आज पुन्हा बोलल्या. "दोन मिनिटं उशीर." मी घरून रोज वेळेवर निघते, वाटेत थांबत नाही (फारशी), आणि तरी भिंतीवरच्या त्या घड्याळात नऊ वाजून दोन. हे ऑफिस माझ्यापासून दूर सरकत असणार.

५ तारीख, गुरुवार

ताईचं तोंड सुजल्यासारखं झालंय. रडून नाही, गप्प बसून. भावजींचं पत्र आलेलं नाही. त्यांचं इंजिनातलं काम, जहाजावरचा फोन फक्त जहाजाच्या कामाचा, त्यामुळे पत्र हाच काय तो आवाज. आधी दर दोन दिवसांनी यायचं.

"तुझ्या ऑफिसात विचार ना," ती म्हणाली.

मी विचारू शकत नाही. आमच्याकडे नियम आहे, ज्याचं माणूस ज्या जहाजावर, त्याने त्या जहाजाच्या फाइलीला हात लावायचा नाही. पूर्वी कोणीतरी आपल्या नवऱ्याची पत्रं वाचून ऑफिसातच आकांत केला होता म्हणे. म्हणून भावजींच्या जहाजाची फाइल सावकाशकाकांकडे असते. सावकाश हे त्यांचं नाव नाही, पण ते दिवसातून चाळीस वेळा तेवढंच म्हणतात. आधी ते टपालाच्या रेल्वेडब्यात उभं राहून पत्रं छाटायचे. चालत्या गाडीत तीस वर्षं उभं राहिलेला माणूस स्थिर जमिनीवर एवढा संथ कसा, हे एक कोडंच आहे.

मी त्यांना नुसतं म्हटलं, "काका, त्या जहाजाचं टपाल येतंय ना?"

"येतंय. कमी वाटतंय जरा."

"कमी म्हणजे?"

"कमी म्हणजे कमी. मोठं जहाज, सगळ्यात लांब फाइल, आणि पत्रं बेताची. लोक लिहीत नसतील."

घरी येऊन ताईला सांगितलं, टपाल येतंय. तिने फक्त "बरं" म्हटलं आणि माझे पाय टेबलावरून खाली ढकलले. टेबलावर पाय ठेवल्याने टेबलाचं काय जातं, ते मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही.

६ तारीख, शुक्रवार

आज सात पत्रं फाटली. सात. एका बाईने ऑफिसात येऊन मला छापलेला कागद दाखवला. वरच्या चार ओळी तिच्या मुलाच्या, आणि खाली कुणाच्या तरी सासूच्या गुडघ्याची हकिगत. "हा गुडघा कोणाचा?" असं तिने मला विचारलं.

९ तारीख, सोमवार

रविवार अख्खा एका जाड पुस्तकात घातला. पुस्तक रटाळ आहे, पण मधेच एका पानावर कुणीतरी जुन्या गिअरचं चित्र काढलेलं होतं. त्यावरून सायकलच्या गिअरवर गेले आणि तासभर परत आलेच नाही. परत आल्यावर मात्र घबाड सापडलं.

गोष्ट अशी. डावी गोदामाला विचारते, "कुलूप आहे का?" गोदाम म्हणतं, "नाही." ते उत्तर तारेतून येईपर्यंत उजवीही तेच विचारते आणि तिलाही "नाही" ऐकू येतं. मग दोघी आपापलं कुलूप लावतात आणि दोघींना वाटतं, फाइल आपली. एका खोलीत असतं तर असं होत नाही, लांबच्या तारेवर होतं. विचारणं आणि लावणं यांच्यामध्ये फट राहते, आणि त्या फटीत आमचं टपाल चेंगरतं.

यावर उपाय भारी आहे. विचारायचंच नाही. प्रत्येकीने आधी स्वतःच्या वेगळ्या नावाची एक चिठ्ठी गोदामात ठेवायची, आणि मग गोदामाला सांगायचं, याच चिठ्ठीला "कुलूप" हे दुसरं नाव दे. एक नाव गोदाम दोघींना देऊच शकत नाही. आणि उत्तर वाटेत हरवलं तरी बिघडत नाही, आपल्या चिठ्ठीला किती नावं झाली ते मोजायचं. दोन असतील तर कुलूप आपलं. एकच असेल तर गुमान थांबायचं.

हे ज्याने शोधलं त्याच्या पाया पडावंसं वाटलं. उद्या बसवते.

११ तारीख, बुधवार

बसवलं. सकाळभर एकही पत्र फाटलं नाही. मी मॅडमच्या टेबलापुढून तीनदा विनाकारण चालत गेले.

दुपारी चार फाटली.

मी डोकं टेबलावर टेकवलं. सावकाशकाका म्हणाले, "सावकाश." त्या क्षणी मला त्यांचा शर्ट खुंटीला अडकवून त्यांना आत तसंच सोडून यावंसं वाटलं. मी सगळं पुन्हा तपासलं. उजवी नीट, तार नीट, गोदाम नीट. डावीचा आतला सेल गेला होता तेव्हा मीच नवीन घातला होता आणि वेळही मीच लावली होती, भिंतीवरचं घड्याळ बघून, सेकंदासकट. माझ्या बाजूने कुठे काही राहिलेलं नाही. दोष असेल तर या वास्तूत आहे.

१२ तारीख, गुरुवार

ज्या तुकड्यांना शेंडा नसतो, म्हणजे कोणाचं, कोणाला, कुठलं जहाज हे वरचं सगळं फाटून गेलेलं असतं, त्यांना मशीन "बेवारस" नावाच्या एका वेगळ्या फाइलीत टाकते. तिथे एकशे चाळीस तुकडे साचलेत. मॅडमनी सांगितलं, वाच आणि जमेल त्यांचे मालक शोध. एरवी आम्ही पत्रं वाचत नाही, पण बेवारसाला काय लाज.

बहुतेक तुकडे दाढ, हवामान, पोरांचे मार्क असेच आहेत. त्यातला एक मात्र मी इथे उतरवून घेतेय, कारण डोक्यातून जात नाही. तो असा मधूनच सुरू होतो:

"...खाली इतकं उकडतं की अंडं फोडायच्या आधीच शिजेल. तर मुद्द्याचं. साहेब विचारतायत, आणखी आठ महिने राहतोस का. वीस तारखेला सह्या. मला काही सुचत नाही. तू म्हणशील तसं. नुसतं 'ये' लिहिलंस तरी बॅग भरतो. काहीच आलं नाही तर समजेन की माझ्यावाचून तुझं बरं चाललंय, आणि सही करेन. तुझी ती भटकभवानी आलीये ना राहायला, तेव्हा तशी सोबत आहेच म्हणा. तिला सांग, टेबलावर पाय..."

आणि पुढे लगेच, "दुसरीही काढावी लागेल असं दातांचा डॉक्टर म्हणतो."

बिचारा. पत्र गेलेलंच नाही, आणि हा तिथे मुक्या माणसाच्या उत्तराची वाट बघत बसलाय. जहाज कुठलं, बाई कोण, काही पत्ता नाही. वीस तारखेला अजून आठ दिवस आहेत. मी सावकाशकाकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अशी माणसं खूप असतात गं."

बाकी भटकभवानी वाचून हसू आलं. म्हणजे घरोघरी अशी एक असते तर. बरं वाटलं.

१४ तारीख, शनिवार

ताई पत्र लिहायला बसली होती. "प्रिय" लिहिलं आणि खोडलं. मग नुसतं नाव लिहिलं आणि तेही खोडलं.

मी म्हटलं, "लिहूच नकोस. तीन आठवडे ते गप्प, आणि तू कशाला मागे लागतेस? बघू दे त्यांना पण वाट."

"मागे कुठे लागलेय. मागच्या दोन पत्रांचीही पोच नाही."

"तेच म्हणतेय ना मी. एकदा थांबून बघ. माणसं सुतासारखी सरळ होतात."

तिने कागद घडी करून डब्याखाली सरकवला. ताईने माझा सल्ला ऐकल्याची ही बहुधा पहिली वेळ. छान वाटलं, आणि नंतर का कोण जाणे, नाही वाटलं. संध्याकाळी ती भावजींचे बूट पुसत होती. ते इथे नाहीत, बुटांवर धूळ कुठून येणार. मी तिला तसं म्हटलं नाही. मलाही कळतं थोडंफार.

१७ तारीख, मंगळवार

आज माझा तोल सुटला. नऊ पत्रं. मी मागच्या खोलीत जाऊन गोदामाच्या पेटीला चक्क लाथ मारली. तिला काही झालं नाही, माझा अंगठा निळा झाला. सावकाशकाका बर्फ घेऊन आले आणि स्टुलावर बसले.

"आमच्या डब्यात," ते म्हणाले, "एका पोत्याला एक पितळी बिल्ला असायचा."

मी म्हटलं, "काका, आत्ता नको."

"बिल्ला हातात असेल त्यानेच पोतं उघडायचं. बाकीच्यांनी हात मागे. झालं की बिल्ला खिळ्याला. कधी कधी एखादा बिल्ला खिशात घेऊनच झोपायचा, किंवा चक्कर येऊन पडायचा. मग पोतं अडायचं."

"मग?"

"मग दुसरा बिल्ला करून मोकळं व्हायचं, असं एका नव्या पोराने केलं. त्याला वाटलं, फार वेळ झाला, हा गेला. तो गेला नव्हता. पोतं मोठं होतं, म्हणून वेळ लागत होता. दोघांनी मिळून एकाच पोत्यात हात घातले आणि चार गावांची पत्रं पाचव्या गावाला गेली."

"मी दुसरा बिल्ला केलेला नाही. एका नावाला एकच कुलूप, पुस्तकात वाचून केलंय."

"ते उत्तमच केलंस. पण ती तुझी झाडूवाली. ती खिळ्यावर नसलेला बिल्ला काढून घेते ना?"

"पाच मिनिटं झाल्यावर. आमचं मोठ्यात मोठं लिखाण एका मिनिटात आटोपतं, काका. पाच मिनिटं म्हणजे मशीन मेलेलीच."

"मेली का जिवंत, ते बघून येते का ती?"

"बघायचं काय त्यात? कुलपावर वेळ लिहिलेली असते."

"वेळ कोण लिहितं?"

"गोदाम."

"आणि ती बघते कुणाच्या घड्याळात?"

"स्वतःच्या. डावीच्या."

"बरं," काका म्हणाले, "सावकाश." आणि बर्फाचं पाणी फेकायला गेले. मला वाटलं आता काहीतरी मोठं सांगतील. काही सांगितलं नाही. असली माणसं गोष्ट सुरूच का करतात.

१८ तारीख, बुधवार

लिहायला लाज वाटतेय, पण कालचा दिवस लिहिलाय तर आजचाही लिहिला पाहिजे.

सकाळी पुन्हा दोन मिनिटं उशीर. मी वैतागून मॅडमना म्हटलं, "मॅडम, माझ्या घड्याळात नऊला पाच कमी आहेत."

मॅडमनी मान वरही केली नाही. "असतील. भिंतीवरचं सात मिनिटं पुढे आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी ठेवलंय. अकरा वर्षं झाली. त्याशिवाय तुम्ही लोक येता का वेळेवर? सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना. मी सोडून.

डावीची वेळ मी त्या भिंतीवरच्या घड्याळावरून लावली होती. सेकंदासकट. म्हणजे डावी सात मिनिटं पुढे. उजवीने आत्ता, या क्षणी लावलेलं ताजं कुलूप डावीला सात मिनिटांचं म्हातारं दिसतं. पाचच्या वर, म्हणून झाडूवाली ते उचलून फेकते, आणि आत उजवी लिहीत असते. लहान फाइल फेरीच्या आधी लिहून होते, वाचते. लांब फाइलीला वेळ लागतो, ती सापडते. पत्रं फाटायला लागली ती झाडूवाली बसवली त्या दिवसापासून. पहिल्याच दिवशी मी हे माझ्या हाताने या वहीत लिहिलंय आणि खाली लिहिलंय, का, कोण जाणे.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, "हं."

"तुम्हाला कळलं होतं?"

"घड्याळाचा संशय आला होता. पण मशीनमधलं मला कळत नाही, उगाच कशाला बोला."

उगाच कशाला बोला. मला हसावं की रडावं कळेना.

१९ तारीख, गुरुवार

नुसतं घड्याळ मागे केलं नाही. आज ना उद्या ते पुन्हा चुकेल, घड्याळं चुकतातच. झाडूवालीने आता स्वतःच्या घड्याळात बघायचंच नाही. कुलपाचं वय काढायचं असेल तर आधी गोदामात एक कोरी चिठ्ठी टाकायची, गोदाम तिच्यावर वेळ लिहील, आणि त्या वेळेतून कुलपावरची वेळ वजा करायची. दोन्ही वेळा एकाच हाताच्या. शिवाय जी लांब लिहितेय तिने मधूनमधून कुलपाला हात लावून वेळ ताजी करायची, म्हणजे बाहेरचीला कळेल की आतली जिवंत आहे.

आज एकही फाटलं नाही. मी मॅडमना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "किती पत्रं गेली?" मी म्हटलं, "साडेतीनशेच्या आसपास." त्या म्हणाल्या, "मग प्रत्येक घरी लिहायचं. तूच." भिंतीवरचं घड्याळ मात्र तसंच राहणार आहे. "ते माणसांसाठी आहे," असं म्हणाल्या.

उद्या वीस. तो अंडेवाला डोळ्यांसमोर आला. त्याचं जहाज कुठलं, ते अजूनही कळलेलं नाही.

२१ तारीख, शनिवार

माफीची साठ पत्रं लिहून हात आखडला. घरी येऊन पाय टेबलावर टाकले.

ताई पोळपाट धूत होती. तिने वळूनही न बघता म्हटलं, "पाय."

"ताई, आज नको. आज मी दमलेय."

"रोजच दमतेस. कशाने? इथे आलीस तेव्हा म्हणालीस पंधरा दिवस. महिने झाले. मी एका शब्दाने बोलले का? उलट तुझी बाजू घेते. तो लिहितो, ती भटकभवानी टेबलावर पाय ठेवते का अजून, तर मी त्याला कळवते, नाही, सुधारली."

"कोण लिहितो?"

"तो. तोंडावर म्हणत नाही. पत्रातच."

मी पाय खाली घेतले. ताई काहीतरी पुढे बोलत होती, ते ऐकू आलं नाही.

मोठं जहाज. सगळ्यात लांब फाइल. इंजिनातला उकाडा. मी तो तुकडा या वहीत उतरवला होता, हसले होते, आणि दोनच दिवसांनी ताईला म्हटलं होतं, लिहूच नकोस.

आज एकवीस. तिला आत्ता सांगायला हवं. मी नळ दुरुस्त केला, ज्याला काही झालेलं नव्हतं.

२२ तारीख, रविवार

सकाळी सांगितलं. तोंडाने जमेना, तेव्हा वही उघडून बारा तारखेचं पान तिच्यापुढे ठेवलं.

तिने वाचलं. वीस या आकड्यावर बोट ठेवलं, आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, जणू आज किती तारीख ते तिला माहीत नव्हतं.

"सही झाली असेल," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. कुलूप, झाडूवाली, सात मिनिटं. तिला त्यातलं किती कळलं माहीत नाही. तिने एकदाच विचारलं, "म्हणजे माझीही दोन पत्रं गेली नाहीत?"

"गेली नसणार."

"तिकडे त्याला वाटतंय मी गप्प, आणि इकडे मला वाटतंय तो."

"ताई, लिहू नकोस असं मीच म्हटलं तुला."

"म्हटलंस. पण कागद मी डब्याखाली सरकवला." तिने तो बाहेर काढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर एकच अक्षर लिहिलं. ये. "हे पाठव. उशीर तर उशीर."

तिने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. तिने मला चहा दिला.

२३ तारीख, सोमवार

त्या फाइलीला मी हात लावायचा नाही, म्हणून कागद काकांकडे दिला. काकांनी चष्मा लावून ते एक अक्षर वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. बेवारस तुकडा मी त्यांनाच वाचून दाखवला होता.

"तो हाच?"

"हाच."

आज ते सावकाश म्हणाले नाहीत. जागेवरून उठले आणि चक्क भराभर चालत उजवीपाशी गेले. पत्र फाइलीत पडलेलं त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासलं. एक अक्षर तपासायला किती वेळ लागतो, पण त्यांनी तपासलं. शिवाय जहाजाच्या कार्यालयाला वेगळं विचारलं, या माणसाने सही केली का.

२४ तारीख, मंगळवार

जहाजावरून उत्तर आलं. दोनच ओळी. हा इसम वीस तारखेला बंदरावर उतरला. सही केली नाही, पुढचा पत्ता दिला नाही.

ताईने ते चारदा वाचलं. "उतरला तर कळवेल ना," ती म्हणाली. मग म्हणाली, "कळवलं असेल तरी आपल्याला काय कळणार."

"आता नीट चालतंय, ताई. पाच दिवसांत एकही फाटलेलं नाही."

"हो का," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मी माझी पिशवी काढली होती. अशा वेळी मला नेहमी वाटतं, निघावं. कुठेही. ताईने पिशवी बघितली आणि म्हणाली, "जायचं असेल तर जा. पण तो कुठे आहे ते कळल्याशिवाय गेलीस तर परत येऊ नकोस." पिशवी पुन्हा पलंगाखाली गेली.

२५ तारीख, बुधवार

काहीच नाही. माफीची एकशे अठ्ठावीस पत्रं झाली. गुडघ्याची सासू सापडली.

२६ तारीख, गुरुवार

माफीची पत्रं घरी आणली होती, स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून लिहीत होते. तेव्हा दार वाजलं. ताई गेली. परत येईना, म्हणून मी डोकावले, आणि तशीच मागे येऊन बसले. मध्ये जायची माझी हिंमत नाही, म्हणून ऐकू येईल तसं लिहितेय.

भावजी आलेत. दाढी वाढलेली, अंगावर जहाजावरचाच कोट. ताई दारात उभी, कडीवरचा हात अजून तसाच. मग ताई म्हणाली, "तुला माझं पत्र मिळालं?"

"नाही. कुठलं?"

"मग आलास कसा? काही आलं नाही तर सही करणार होतास ना."

"सही करायला बसलो होतो. पेन उघडलं. मग वाटलं, ही गप्प आहे म्हणजे नक्की काय आहे, ते इथे बसून मी कसं ठरवणार. आधी जाऊन बघावं. तुझी तब्येत बरी आहे ना?"

ताई मान हलवतेय, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते इथून दिसत नाही. मला उठून बाहेर जायचंय आणि हे कोणामुळे झालं ते माझ्या तोंडाने सांगायचंय. एवढं वाक्य संपवते आणि जाते. तिने त्यांना अजून आत ये म्हटलेलं नाही. पण बॅग केव्हाच तिच्या हातात आलीये.